दगडात उतरलेले छप्पर

शेताच्या कडेला कोठार उभारणारा शेतकरी आराखडा काढीत बसत नाही. वर बेचके असलेल्या दोन मेढी तो जमिनीत पुरतो, त्यांवर आढे टाकतो, आढ्यावरून दोन्ही अंगांना वासे सोडतो आणि वाशांवर आडव्या कांबी बांधून त्यांवर गवत शाकारतो. आढ्याला मेढींचा आधार आहे तोवर चिंता नसते. परंतु कोठाराच्या मधोमध उभी असलेली मेढ धान्याच्या कणगीला आड येते. आतली जागा मोकळी हवीशी वाटते. मेढ काढली की खरा प्रश्न उभा राहतो. मग छपराचे ओझे केवळ खाली येत नाही, ते वाशांच्या पायांना बाहेर रेटू लागते. हा रेटा आवरला नाही तर भिंती फाकतात आणि आढे खाली बसते. म्हणून कोणी समोरासमोरच्या वाशांचे पाय आडव्या तुळईने जखडतो, तर कोणी बाजूचे खांबच आत कलते पुरतो. ही विद्या फार जुनी आहे. मात्र किती जुनी, हे सांगणे सोपे नाही. कारण लाकडाला वाळवी लागते, गवत कुजते, आणि बांधणाऱ्याचे नाव तर कोणी विचारीतच नाही.

तरीही काही साक्षी उरल्या आहेत. उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात सोहगौरा येथे एक लहानसा ताम्रपट सापडला. त्यावरील लिपी ब्राह्मी असून बहुतेक अभ्यासक तो मौर्यकाळाच्या सुमाराचा मानतात. श्रावस्तीच्या महामात्रांची ती आज्ञा आहे आणि तिचा विषय आहे दोन कोठारे. संकटाच्या वेळी उपयोगी पडावा असा साठा त्यांत करावयाचा होता. मजकुराच्या वर काही चिन्हे उठविलेली आहेत. त्यांतच खांबांवर उभी असलेली, वर छप्पर ल्यालेली ती दोन कोठारेही दिसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगण्यासाठी एक अख्खे प्रकरण खर्ची पडले आहे. कोठाराचे छप्पर गळणे ही तेव्हा एका घरापुरती गोष्ट नव्हती; दुष्काळात अवघ्या जनपदाचे पोट त्यावर अवलंबून होते.

ताम्रपटावरील चित्र बोटभर, त्यामुळे वाशांचे सांधे त्यात कोठून दिसणार? ते पाहावयाचे तर बिहारमध्ये, गयेच्या उत्तरेस असलेल्या बराबरच्या टेकड्यांकडे वळले पाहिजे. येथील लेण्यांपैकी दोन सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविक साधूंना दिल्याचे तेथील लेख सांगतात. त्यांच्या शेजारीच लोमश ऋषीचे लेणे आहे. त्याच्यावर अशोकाचा लेख नाही, पण त्याचे दर्शनी मुख म्हणजे सुताराच्या कामाचा हुबेहूब नमुना आहे. दोन्ही बाजूंचे खांब आत कललेले आहेत. त्यांवर वाकविलेल्या फळ्यांची, एकीवर एक बसविलेली कमान आहे, आणि छपराच्या आडव्या दांड्यांची टोके कमानीतून बाहेर डोकावताना दाखविली आहेत. शेजारच्या सुदामा लेण्यात तर खडकाच्या पोटातच एक वाटोळी झोपडी कोरलेली आहे, आणि तिच्या भिंतीवर गवती छपराची वळचण पुढे आलेली आहे. जेथे पावसाचा थेंबही पोचत नाही तेथे ही वळचण!

कमानीचा हा बाक कोठून आला, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर बांबूत आहे. बांबू वाकतो, आणि वाकवून दोन्ही टोके जखडली की तो ताठ वाशापेक्षा अधिक चिवट छप्पर देतो. निलगिरीच्या तोडा लोकांची जुन्या पद्धतीची झोपडी अशीच, अर्ध्या पिंपासारखी वाटोळी असते. तिच्या दर्शनी बाजूशी चैत्याच्या कमानीचे असलेले साम्य अनेक पंडितांच्या नजरेत भरले आहे.

याच घडणीचे सर्वांत बोलके अवशेष सह्याद्रीत आहेत. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. त्यात २७ अष्टकोनी खांब आहेत आणि ते सारे आत झुकलेले आहेत. वर पाहावे तो घुमटाकार छताला खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या लावलेल्या! या फासळ्या नंतरच्या काळात बसविल्या असाव्यात, अशी शंका कोणी घेतली असती. परंतु पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना त्या लाकडांवरच दोन लहान ब्राह्मी लेख आढळले आणि १९५९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक वर्षे ते लाकूड तेथे आहे.

भाज्याहून काही कोसांवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. ते सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले आहे. तेथेही लाकडी फासळ्या आहेत, आणि स्तूपावरचे छत्रही लाकडीच आहे. गंमत अशी की, या फासळ्या काहीही तोलीत नाहीत. डोंगर स्वतःच छप्पर झालेला आहे. त्याला ना रेटा, ना वासे फाकण्याचे भय. फासळ्या उतरविल्या तरी दगडाचा एक कपराही खाली येणार नाही. मग भाज्याचे खांब कशासाठी झुकले?

पाथरवटांनी लाकडी घरांची आंधळी नक्कल केली, त्यांना दगडाचा धर्म समजला नव्हता, असे उत्तर पूर्वी देण्यात येत असे. हे उत्तर अपुरे वाटते. ज्यांनी अखंड खडकातून एवढा मोठा मंडप वरून खाली उतरविला, त्यांना दगड समजला नव्हता असे म्हणणे धाडसाचे आहे. कार्ल्याचे लेखच निराळी वाट दाखवितात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आपण पुरे केलेल्या या वास्तूला ‘सेलघर’ म्हणतो. सेलघर म्हणजे शैलगृह, दगडाचे घर. गुहा नव्हे, घर! आणि घर म्हटले की वर छप्पर आलेच, छपराला वासे आलेच. दुसऱ्या एका लेखात या घराचे मुख कोणी केले तेही नोंदलेले आहे: धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा पुत्र. त्याचा व्यवसाय ‘वढकी’ असा दिला आहे. वढकी म्हणजे संस्कृतातला वर्धकी, आपला सुतार.

राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानांच्या पंक्तीत एका सुताराने आपले, आपल्या बापाचे आणि आपल्या गावाचे नाव दगडावर ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे. लेण्याचे मुख जर सुताराच्या हातचे असेल, तर त्यात लाकडी घराचे सांधे आले यात नवल ते काय? ती नक्कल नव्हती. ती त्याची मातृभाषा होती.

पुढे ही भाषा बदलत गेली. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात मधल्या दालनाच्या लाकडी फासळ्या गेल्या आहेत, तर बाजूच्या पडव्यांतील फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. म्हणजे सुतार आणि पाथरवट यांनी काम जणू वाटून घेतले होते. त्याच अजिंठ्याची एकोणिसावी आणि सव्विसावी ही चैत्यगृहे पाचव्या शतकातली. त्यांच्या छतांवर साऱ्याच फासळ्या दगडाच्या आहेत, आणि लाकडाचे तेथे काम उरलेले नाही.