पऱ्हाटी आणि पेशीचे केंद्रक



नागपूर-वर्ध्याकडे पऱ्हाटी कोणाला ठाऊक नाही? पण तिच्याबद्दलचे एक जुने कोडे आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. आपली गावठी पऱ्हाटी काटक, पाण्याची ओढ सोसणारी. अमेरिकन पऱ्हाटीचा धागा लांब. दोघींचे गुण एकाच झाडात आले तर काय बहार होईल! शास्त्रज्ञांनी एकीचे पराग दुसरीच्या फुलावर घालून पाहिले. बहुतेक बोंडे गळाली. क्वचित एखादी सरकी उगवली, झाड वाढले, फुललेसुद्धा. पण बोंड काही धरेना. असं का व्हावं?

उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी दडलेले होते. घर जसे विटांचे, तसे झाडाचे अंग पेशींचे. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आमरीच्या पेशींत एक गोल ठिपका पाहिला आणि त्याला न्यूक्लिअस हे नाव दिले. तेच आपले केंद्रक. त्याचे काम काय, हे मात्र ब्राउनला उमगले नव्हते. पुढे कळले, की केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. गावच्या जमिनीची नोंद जशी तलाठ्याच्या दप्तरात, तशी पानाचा आकार, फुलाचा रंग, रुईची लांबी यांची नोंद या गुणसूत्रांत. हे दप्तर आईबापांकडून लेकरांकडे जाते.

१९२४ साली डेनहॅम या संशोधकाने कापसाच्या गुणसूत्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. गावठी पऱ्हाटीत निघाली २६ आणि अमेरिकन पऱ्हाटीत ५२. कोड्याची किल्ली इथेच होती.

गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. पराग आणि बीजांड तयार होताना जोड्या फुटतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी येतात. गावठीकडून आली १३, अमेरिकनकडून २६. संकराच्या झाडात झाली ३९. आता तुम्हीच जोड्या लावून पाहा. फार तर १३ जोड्या जुळतील आणि १३ गुणसूत्रे एकटी राहतील. वाटणी नीट होत नाही, पराग वांझ निघतात, बोंड धरत नाही. दोष जमिनीचा नव्हता की पावसाचा. हिशेबच जुळत नव्हता.

पण १३ जोड्या तरी का जुळाव्यात? १९३४ साली स्कोव्हस्टेड यांनी याचा उलगडा केला आणि १९४० साली टेक्ससच्या बीस्ले यांनी तो प्रयोगाने पक्का केला. अमेरिकन पऱ्हाटी फार पूर्वी दोन जातींच्या मिलाफातून झाली. त्यातली एक आपल्या गावठीच्या भावकीतली, दुसरी अमेरिकेतली रानटी. परकी म्हणतो ती पऱ्हाटी अशी निम्मी आपल्या नात्यातलीच निघाली!

१९३७ साली कॉल्चिसीन या औषधाचा गुण कळला. आपल्या रानातल्या कळलावीतही ते असते. त्याने पेशीतली गुणसूत्रे दुप्पट होतात; ३९ ची ७८ झाली, की प्रत्येकाला जोडीदार मिळतो. गावठी-अमेरिकन संकरातून १९५० नंतरच्या दशकात सुरतेकडे देविराज, देवितेज असे वाण आले. १९७० साली सुरतेलाच सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ दिला. त्याचे आईबाप दोन्ही अमेरिकन. २६ ला २६ जुळली आणि झाड बोंडांनी लगडले. १९७६ साली आपल्या नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली.

आता तुमच्या कामाची गोष्ट. संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पुढच्या साली पेरली, तर पीक एकसारखे येत नाही. कारण तेच. पहिल्या पिढीत आईबापांची दप्तरे शेजारी शेजारी असतात. पुढच्या पिढीत त्यांची नव्याने वाटणी होते. एक झाड उंच, दुसरे बुटके, तिसऱ्याचा धागा आखूड. म्हणून संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते आणि त्याचा खर्च डोक्यावर बसतो. सरळ वाणाचे तसे नाही. त्याची चांगली, निवडक, भेसळ नसलेली सरकी घरी राखता येते. बियाणे घेताना ‘हे संकरित की सरळ?’ एवढे विचारायला विसरू नका.

आणि गुरुजी, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर कांद्याचा पातळ पापुद्रा काढा, त्यावर आयोडीनचा थेंब टाका आणि मुलांना दाखवा. प्रत्येक पेशीत एक ठिपका दिसेल. कापसाच्या संसाराचा हिशेबही तशाच ठिपक्यात लिहिलेला आहे, एवढे त्यांना सांगा.