चरग

अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, माहेर हुक्केरीच्या पूर्वेला, काळ्या रानातलं. लग्न होऊन ती निपाणीजवळच्या आमच्या वेदगंगाकाठच्या गावात आली ती कन्नड बोलत. सोबत एक सण घेऊन आली, आमच्या गल्लीत तो कुणी धड करत नव्हतं. मार्गशीर्षातली अमावस्या. ती तिला एळ्ळमावास्या म्हणायची. एळ्ळ म्हणजे तीळ. लातूर-धाराशिवकडं याच दिवसाला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. त्यातली 'वेळ' घड्याळातली नव्हे, कन्नड एळ्ळच मराठी तोंडात बसताना तसं झालं, असं जाणकार सांगतात. लातूरला त्या दिवशी जिल्ह्याची सुट्टी असते आणि बाजारपेठ ओस पडते, कारण सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला गेलेलं असतं. आमच्याकडं सुट्टी नसायची. मी शाळा बुडवायची. पुढं मीच शिक्षिका झाले तेव्हा बुडवणाऱ्या पोरांना काही बोलू शकले नाही.

आदल्या रात्रीपासून चूल विझायची नाही. तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकरी, त्यांना अव्वा सज्जी रोट्टी म्हणायची. शेंगापोळ्या, भरली वांगी, अंबाडीची भाजी, मोडाची मटकी, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. हे सगळं बुट्ट्यांत भरून, वर धुतलेलं धोतर टाकून, बैलगाडीनं शेतात. विहिरीजवळच्या बन्नीखाली, म्हणजे शमीखाली, पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा झाली, नैवेद्य झाला की चरग. आण्णा पुढं, हातात सगळ्या पदार्थांचा कालवलेला घास, आणि मागं तांब्या घेऊन चुलता. घास पिकात फेकायचा, मागनं पाणी शिंपडायचं, दोघांनी आलटून पालटून आरोळी द्यायची, आणि चारी बांध फिरून यायचं. आण्णा मराठी माणूस, ती कन्नड आरोळी त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही. अव्वा दरवर्षी हसायची.

चरग संपला की खरा दिवस सुरू व्हायचा. अव्वा गाडीवाटेच्या बांधावर जाऊन उभी राहायची आणि जो दिसेल त्याला हाक मारायची, "बर्री, ऊटा माड्री." या, जेवा. तिला मराठी येत होतं, पण ही हाक ती मराठीत कधी मारायची नाही. बाजाराला निघालेला, म्हशी घेऊन चाललेला, पायी निपाणीला जाणारा, सगळे. भाषा कळली नाही तरी हात कळायचा. त्या काळात आमच्याकडं सीमाप्रश्न पेटलेला. 1956 च्या 1 नोव्हेंबरला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यापासून गावात त्यावर रोज तोंडं व्हायची. पण मोर्चाला जाणाऱ्या कुणी अव्वाच्या भरल्या वांग्यांना नाही म्हटलेलं मला आठवत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या जैन घरासाठी ती कांदा-लसूण न घातलेली भाजी वेगळी काढून ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत त्यांना बसवायची. दुपारनंतर आगटी. शाळू हुरड्यावर आला असेल तर गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, भाजलं की हातावर चोळायचं. तिच्या माहेरी याला सीतनी म्हणत. कधी दाणा दुधातच असायचा, मग हरभऱ्याचे डहाळे. ज्याला जे पाहिजे ते त्यानं रानात शिरून तोडायचं. वर्षभर बांधावरनं एक कणीस मोडलं तरी भांडण, त्या दिवशी कुणाला अडवायचं नाही असा दंडक.

हे सगळं आठवायचं निमित्त भाचा. तो इंग्लंडात असतो. शिकला निपाणीच्या देवचंद कॉलेजात. (निपाणी कर्नाटकात, आणि तिचं हे कॉलेज हद्दीपलीकडं अर्जुननगरला, महाराष्ट्रात. आमच्याकडं याचं कुणाला नवल वाटत नाही.) परवा फोनवर म्हणाला, मावशी, इथं आमच्या खेड्यात रविवारी सगळ्यांनी आपापल्या बागा उघडल्या होत्या. तिकीट काढायचं, घरोघरी फिरून बागा बघायच्या, चहा-केक विकत घ्यायचा, जमलेला पैसा धर्मादायाला. मी म्हटलं, दुसऱ्याचं अंगण बघायला तिकीट? तर त्यानं मला त्याचा इतिहासच सांगितला. 1927 साली घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी पैसा उभा करायचा होता. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवलं की मोठ्या लोकांनी आपल्या बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना दाखवाव्यात. पहिल्याच वर्षी 609 बागा उघडल्या, राजाचीही त्यात आली, आणि आठ हजारांवर पौंड जमले. ती प्रथा आजही चालू आहे, आणि पैसा आजही मुख्यतः परिचारिका आणि रुग्णसेवेकडंच जातो.

मी मास्तरीण, मला हिशोब आवडतो. शंभर वर्षांमागं किती बागा आणि किती पैसे, हे त्यांना आकड्यानिशी सांगता येतं. अव्वानं किती माणसं जेवू घातली याचा कागद कुठं नाही. आमच्या घराण्याचा कागद एकाकडंच, हेळव्याकडं. सुगी झाली की तो बैलावर बसून, घंटा वाजवत यायचा, पोथी उघडून आमच्या पूर्वजांची नावं म्हणायचा, आणि पायलीभर जोंधळा, जुनं धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्याच्या पोथीत कोण कुठनं आला, कुणाला किती मुलगे, हे होतं. बायकांनी काय रांधलं हे नव्हतं.

आणि एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं गोडगोड होईल. आमचं रान सगळ्यांना उघडं होतं हे माझ्या लहानपणीचं म्हणणं. मोठी झाल्यावर उजळणी केली तेव्हा ध्यानात आलं की महारवाड्यातली माणसं पांडवांजवळ पंगतीत नसायची. ती खालच्या बांधाला बसायची आणि त्यांना वरून वाढलं जायचं. 1925 च्या एप्रिलात डॉ. आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला निपाणीत येऊन गेले होते. तिथनं दोन कोसांवर आमचं रान. तेवढं पायी जाऊन त्यांना बघून आलेला एक म्हातारा खालच्या बांधाला जेवायला यायचा, पुढं एका वर्षापासून यायचा बंद झाला. अव्वानं दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. बरोबर केलं त्यानं, असं मला आज वाटतं.

सण आमच्याकडं का विरला याचं कारण लोक 'जमाना बदलला' असं सांगतात. मला ते पटत नाही. पीक बदललं. चरग जोंधळ्याचा सण आहे. जोंधळ्याच्या रानात शिरलेल्या माणसाला रान जेवू घालतं: कणीस, हुरडा, बाजूला हरभरा, करडईची भाजी. निपाणीभोवती तंबाखू इंग्रजी अमलातच पसरला होता, तो हळूहळू आमच्या बांधापर्यंत आला. पैसा चांगला, निदान वखारवाला देईल तेव्हा. पण तंबाखूच्या रानात पाहुण्याला घालणार काय? मार्गशीर्षात तो कंबरेएवढा, शेंडे खुडलेला, पानं चिकट. आत फिरलं की कपड्यांना वास, पोरं ओकायची. आण्णांनी तंबाखू लावला त्या वर्षी चरगाचा घास कुठं टाकायचा यावर घरात वाद झाला. शेवटी बांधावर टाकला. पुढं 1981 च्या मार्चात शरद जोशींच्या हाकेनं तंबाखूवाले शेतकरी भावासाठी हमरस्त्यावर येऊन बसले, तेव्हा आमच्या गावातनं भाकरींच्या बुट्ट्या तिकडं गेल्या. अव्वाच्या बुट्टीवर तेच धोतर. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या वर्षीची अमावस्या आमच्याकडं झालीच नाही.

मग पाणी आलं आणि ऊस. उसाच्या रानात कुणी शिरत नाही, पात अंग कापते, आणि बसायला जागा कुठं? तरी उसानं काही दिवस अब्रू राखली ती गुऱ्हाळानं. आमच्या भागात गुऱ्हाळावर आलेल्याला कोरडं पाठवायचं नाही. वाटसरू असो, शाळेची पोरं असोत, घाण्यातला रस ताजा मिळायचा. कायलीखाली चिपाडांचा जाळ, वर फेस, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी झाऱ्यानं काढणं, आणि गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघायचा. आदण उतरलं की वाफ्याच्या कडेचा गरम गूळ उसाच्या कांडीवर घेऊन खायचा. पैशाची भाषा नव्हती, घरी काकवी न्यायची तर मात्र आपलं भांडं आणायचं. आता ऊस ट्रॅक्टरनं कारखान्याला जातो. कारखान्याच्या काट्यावर रस मिळत नाही.

सण मेला मात्र नाही, तो पूर्वेला सरकलाय. गोकाक, अथणी, बैलहोंगलकडं जोंधळा आहे तिथं चरग आहे, लातूरला आहे. नकाशावर जोंधळ्याचं रान रंगवलं तर सणाचा नकाशा जवळपास तोच निघेल, असं माझं मत आहे. कृषी खात्यातल्या कुणी तपासून बघावं.

भाऊ ऊस करतो. माझ्या वाट्याला विहिरीजवळचे पंधरा गुंठे आले. बन्नीचं झाड अजून आहे, दगडांतला एक भावाच्या पाईपलाईनच्या चरीत गेला, तो मी नवा आणला. मागल्या वर्षी पाच गुंठ्यांत शाळू टाकला. एवढ्याशा तुकड्यावर आजूबाजूच्या सगळ्या पाखरांची धाड पडते. निम्मी कणसं त्यांनी नेली. उरलेल्यात सतरा माणसं जेवून गेली. त्यातले चारजण खालच्या आळीचे, सगळ्यांच्या पंगतीत. भाच्याला मी सतराचा आकडा कळवला.

यंदाही शाळू टाकलाय. गाव सोडून वेदगंगेच्या पुलाकडं निघालं की डाव्या हाताला बन्नी दिसते. मार्गशीर्ष अमावस्येला दुपारी बारानंतर या. तिकीट नाही.