खरे, नारायण भास्कर

(१९ मार्च १८८४ – १९७०). वैद्यकीय व्यवसायातून राजकारणात आलेले मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री. जन्म पनवेल (तत्कालीन कुलाबा, १९८१ पासून रायगड जिल्हा) येथे. जबलपूरला पदवी घेऊन ते लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. १९१३ मध्ये त्यांना एम्.डी. ही पदवी मिळाली. पुढे नागपुरात व्यवसाय करीत असतानाच ते काँग्रेसच्या कार्यात ओढले गेले. १९३५–३७ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य होते.

जुलै १९३७ मध्ये ते प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळात नागपूर-वऱ्हाडचे मराठी व महाकोशलचे हिंदी मंत्री असे तट होते आणि मे १९३८ मधील पचमढीच्या समेटानेही ते मिटले नाहीत. २० जुलै १९३८ रोजी खरे यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता यांनी पक्षाच्या आदेशाविना राजीनामे देण्यास नकार दिला, तेव्हा राज्यपाल वायली यांनी त्यांना रातोरात बडतर्फ करून खरे यांचे नवे मंत्रिमंडळ नेमले. ते थोड्याच दिवसांत कोसळले. २९ जुलैला शुक्ल मुख्यमंत्री झाले आणि कार्यकारिणीने खरे यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले. मुख्यमंत्री विधिमंडळाला जबाबदार की पक्षश्रेष्ठींना, हा या प्रकरणातील खरा प्रश्न होय. सहकारी निवडण्याचा मुख्यमंत्र्याचा हक्क संसदीय परंपरेस धरून होता; पण तो बजावण्यासाठी ब्रिटिश राज्यपालाचा आधार घेतल्याने खरे यांची बाजू लंगडी पडली. नव्या मंत्रिमंडळात अस्पृश्य समाजातील अग्निभोज यांचा समावेश होता. आंबेडकरांनी काँग्रेसवरील टीकेत पुढे त्याचा उल्लेख केला.

१९४३–४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते सांभाळीत होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील निर्बंधांना उत्तर म्हणून १९४४ मध्ये त्या देशाच्या नागरिकांना पारस्परिकतेचा कायदा लागू झाला. १९४७ मध्ये ते अलवरचे दिवाण झाले. त्यांच्या कारकीर्दीत तेथे मेवांवर भीषण अत्याचार झाले व हा डाग पुसला गेला नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

१९४९ मध्ये ते हिंदुमहासभेत गेले व तिचे अध्यक्ष झाले. मार्च १९५० मध्ये दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी हद्दपार केले. खरे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २६ मे १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी अर्ज फेटाळला गेला. तथापि निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठरविताना त्याची कार्यपद्धतीही तपासली पाहिजे, हे तत्त्व याच खटल्यात मान्य झाले. ते ग्वाल्हेर मतदारसंघातून पहिल्या लोकसभेवर गेले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.