प्रवरेचा साखर कारखाना : खंडकरी, सभासद आणि कोयता

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात साखर सहकारामुळे आली, अशी समजूत रूढ असली तरी ती खरी नाही. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, प्रवरा नदीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोरडवाहू रानांना बारमाही पाणी दिले आणि त्या पाण्याच्या भरवशावर खासगी भांडवल येथे उतरले. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना, कोपरगावकडचे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी हे सारे सहकाराच्या आधीचे असून, आयात साखरेवर 1932 मध्ये संरक्षक जकात बसल्यावर या उद्योगाला विशेष बळ मिळाले. कंपन्यांना स्वतःचे ऊसमळे हवे होते, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर, घेतल्या. जमिनी देणाऱ्या या कुटुंबांना पुढे ‘खंडकरी’ म्हटले जाऊ लागले. ज्यांनी जमीन राखली ते गूळ करीत, पण गुळाचा भाव कोसळला की सावकाराचे देणे अंगावर येई.

सहकाराने बदल घडवला तो मालकीत. लोणी बुद्रुक येथे 1923 पासून पतपेढी चालवणारे विठ्ठलराव विखे पाटील यांना सावकारीचा जाच ठाऊक होता. बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, 1945 मध्ये भरलेल्या बागायतदारांच्या परिषदेत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उत्पादकांच्या मालकीच्या कारखान्याचा आग्रह धरला आणि विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले. मुंबई सरकारने अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांच्या पाठिंब्याने भागभांडवलात वाटा उचलला, उरलेली गरज कर्जाने भागली आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले. आंध्रात याआधी असे प्रयत्न झाले होते. मात्र महाराष्ट्राने गिरवला तो प्रवरेचा कित्ता.

या रचनेचे मर्म ऊस तोडण्याच्या वेळेत आहे. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटते, त्यामुळे ऊस फार काळ फडात वा गाडीत पडून राहिला की ‘उतारा’, म्हणजे उसाच्या वजनाशी साखरेचे प्रमाण, खाली येतो. म्हणून कारखाना लागणीच्या नोंदीवरून तोडीचा क्रम ठरवतो, तोडणी आणि वाहतूक स्वतः करवून घेतो, वजनकाट्यावर ऊस मोजून गव्हाणीत, म्हणजे गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतो आणि हंगामाअखेर भाव ठरवतो. भाग जमिनीच्या प्रमाणात घ्यावे लागत, पण मत मात्र एका सभासदाला एकच होते. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला सर्वसाधारण सभेत निदान कागदावर तरी समान होते, आणि हे त्या काळी लहान पाऊल नव्हते. उसाच्या देयकातून कापलेल्या ठेवींवर कारखाने वाढले. शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने कारखान्यांच्या परिसरात उभे राहिले. राहुरी, कोळपेवाडी, संगमनेर, भेंडा, सोनई अशी नावे या मालिकेत जोडली गेली आणि कारखान्याचा अध्यक्ष हा तालुक्याच्या राजकारणाचा धनी झाला. संचालक मंडळाची निवडणूक सत्तेची पायरी ठरली, तेव्हा सभासदाचा हिशेब विचारण्याचा हक्क दुबळा झाला, हा या चळवळीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप याच जिल्ह्याच्या नकाशावर दिसतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजूर दरवर्षी मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळीने निघतात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ज्या रचनेने कालव्यावरच्या शेतकऱ्याला सावकारीतून सोडवले, तिनेच कोरडवाहू तालुक्यातल्या मजुराला उचलीत अडकवले. कारखान्याच्या पोटनियमांत सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला आहे. तो ऊस तोडणाऱ्याला त्यात आजही जागा नाही, आणि ती असायला हवी.