ब्रायटनच्या वाटेवरचा बोगदा

लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याला समुद्राची आठवण आली, की पहिलं नाव निघतं ते ब्रायटनचं. व्हिक्टोरिया स्टेशनातून गाडी तासाभरात पोचते. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, त्यामुळे चपला जाड तळव्यांच्या घ्यायच्या, एवढीच काय ती तयारी. येत्या शनिवार-रविवारचा मुक्काम ठरवताना मला खरा वेळ लागला तो ऑन-कॉलची अदलाबदल करण्यात. आमच्या टीममध्ये सर्व्हर रात्री-अपरात्री कोसळला तर उठायचं कुणी, याची पाळी लावलेली असते. एका सहकाऱ्याने माझे दोन दिवस घेतले, बदल्यात मी त्याचे दोन घेतले. म्हणजे पुढच्या आठवड्यात माझ्या सलग नऊ रात्री. सौदा रास्त आहे, माझी तक्रार नाही. पण या शहराचा इतिहास वाचताना असाच एक सौदा समोर आला, आणि मग राजवाडा-बिजवाडा सगळं मागे पडलं.

ब्रायटन मुळात मासेमारांचं गाव. 1750 साली रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. रोग्यांना तो या पाण्यात बुचकळायचा आणि वर तेच प्यायलाही लावायचा. पैसेवाले लोक येऊ लागले. 1783 साली तेव्हाचा युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, आला आणि रमला. त्याच्यासाठी जॉन नॅशने बाहेरून मोगली घुमट आणि आतून चिनी ड्रॅगन अशी जी इमारत उभी केली, ती रॉयल पॅव्हिलियन. लखनौचा नवाब आणि मुंबईतला एखादा इराणी हॉटेलवाला यांनी मिळून बांधल्यासारखी दिसते, असं माझं फोटो बघून झालेलं मत आहे. याच काळात पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी ब्रायटनला वाफेच्या स्नानाचं आणि मालिशचं दुकान थाटलं आणि राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून नाव कमावलं. आपली चंपी इंग्रजीत जाऊन शाम्पू झाली, तिच्या प्रवासातला हा एक मोठा मुक्काम.

इथपर्यंत ब्रायटन मोठ्या लोकांचंच होतं. 21 सप्टेंबर 1841 ला लंडनहून थेट रेल्वे सुरू झाली आणि घोडागाडीचा पाच-सहा तासांचा प्रवास दोन तासांवर आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वस्त सहलीच्या गाड्या निघू लागल्या. 1801 च्या जनगणनेत सुमारे 7 हजार वस्तीचं हे गाव 1851 पर्यंत 65 हजारांवर गेलं. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी सोसली नाही. 1850 मध्ये राजघराण्याने पॅव्हिलियन नगरपालिकेला विकून टाकलं. त्याच वर्षीच्या कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्यांत बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. वीकेंडची सुरुवात इतकी साधी आहे: शनिवारची दुपार, मागून येणारा रविवार आणि परवडेल असं तिकीट.

हे तिकीट ज्यांच्या श्रमावर चालायचं, त्यातला एक माणूस म्हणजे सिग्नलमन हेन्री किलिक. ब्रायटनच्या उत्तरेला काही मैलांवर क्लेटनचा बोगदा आहे, सुमारे दोन किलोमीटर लांब. किलिक त्याच्या दक्षिण तोंडाशी होता आणि उत्तर तोंडाशी ब्राउन नावाचा दुसरा सिग्नलमन. दोघांमध्ये तारयंत्र. नेहमीची पाळी अठरा तासांची होती, पण आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा मिळावा म्हणून किलिक त्या दिवशी सलग चोवीस तासांची पाळी करत होता.

25 ऑगस्ट 1861, रविवार. सकाळी ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या सुटल्या, त्यांतल्या दोन सहलीच्या. तिन्हींना उशीर झालेला, म्हणून दोन गाड्यांमध्ये पाच मिनिटं ठेवायचा नियम बाजूला सारून त्या तीन-चार मिनिटांच्या फरकाने सोडल्या. गाडी गेली की आपोआप ‘धोका’ दाखवणारा सिग्नल पहिल्या गाडीनंतर पडलाच नाही. बिघाडाची घंटा वाजली. किलिकने ‘बोगद्यात गाडी आहे’ अशी तार केली आणि लाल निशाण घेऊन धावला. तोवर दुसरी गाडी आत शिरत होती. ड्रायव्हरने निशाण पाहिलं की नाही, हे किलिकला कळेना. त्याने तारेवर विचारलं, बोगदा मोकळा आहे का? तेवढ्यात पलीकडे पहिली गाडी बाहेर पडली होती. ब्राउनने उत्तर दिलं, मोकळा आहे. किलिकला वाटलं, दुसरी गेली. त्याने तिसरीला पांढरं निशाण दाखवलं. तेव्हा पांढरं म्हणजे ‘या’. आत दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने लाल निशाण पाहिलेलं होतं. तो थांबला होता, आणि काय झालंय ते बघायला गाडी मागे घेत होता.

23 माणसं मेली, 176 जखमी झाली.

माझ्या धंद्यातला कुणीही हे वाचून म्हणेल, की संदेशात गाडीचा क्रमांकच नव्हता. उत्तर बरोबर होतं, फक्त ते कोणत्या गाडीबद्दल होतं हे सांगायची सोय नव्हती. अशा चुका आम्ही रोज शोधतो. पण तेवढ्यावर थांबलं, की त्या दोन माणसांमधल्या तारेचंच बोलणं होतं आणि तिच्या टोकाला कितव्या तासाला कोण उभं होतं, हे सुटतं. खटला चालला तो गाड्या घाईने सोडणाऱ्या ब्रायटनच्या साहाय्यक स्टेशनप्रमुखावर. तो निर्दोष सुटला. दोन गाड्यांमध्ये वेळ नव्हे तर अंतर राखायचं, पुढचा टप्पा रिकामा असल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही, ही ब्लॉक पद्धत तेव्हा ठाऊक होती. प्रवासी गाड्यांसाठी ती कायद्याने सक्तीची व्हायला 1889 साल उजाडलं. तेही आयर्लंडमध्ये आर्मा इथे मुलांच्या सहलीच्या गाडीला भयंकर अपघात झाल्यावर.

त्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. सणावारी गिरणी बंद राहायची, यंत्रसफाईला थांबायची, पण हक्काचा दिवस नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून त्यासाठी सभा घेत होते, अर्ज करत होते. ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे पाळी काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असा त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. मला तो फार आवडतो, कारण साहेबाच्या चर्चचा दिवस त्यांनी जेजुरीच्या नावाने मागून घेतला. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10 हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. पण तो कायदा कारखान्यांपुरता होता. बोगद्याच्या तोंडाशी निशाण घेऊन उभा असलेला माणूस त्यात बसत नव्हता.