बसलेल्या गड्याचा खेळ

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळनंतर किकवी लागते, पुढे सारोळ्याला नीरा नदी आणि नदीपलीकडे शिरवळपासून सातारा जिल्हा सुरू होतो. भोर-वेल्ह्याच्या या मुलखात झुंजीचा खेळ म्हटला की कुस्तीच डोळ्यांपुढे येते. जत्रेच्या आखाड्यात आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, मग नारळावर, मग रोख इनामावर, आणि दिवस कलताना मानाची शेवटची जोड सुटते. त्यामुळे ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’सारखा जपानी अॅनिमेवर बेतलेला झुंजीचा व्हिडिओ गेम घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावताना ‘पडद्यावरची कुस्ती’ एवढं सांगून काम भागवलं जातं. हे वर्णन अपुरं आहे आणि शिकणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेणारं आहे. तिघा-तिघांच्या संघांनी, गडी बदलत खेळायच्या या खेळाचे खरे भाऊबंद म्हणजे खो-खो आणि हुतूतू. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले, हुतूतूला नियमांची पहिली चौकट १९१८ साली साताऱ्यात मिळाली. किकवी ज्या रस्त्यावर वसली आहे, त्याच रस्त्याच्या दोन टोकांना अवघ्या चार वर्षांच्या अंतराने हे घडलं.

आधी गेमची वंशावळ पाहू. कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आला तेव्हा लढत एकास एक होती, आणि त्या टप्प्यापुरती कुस्तीची उपमा शोभते. १९९४ मध्ये एसएनके कंपनीने ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये तिघांचा संघ आणला. याच मालिकेतला १९९७ चा खेळ पुढे आपल्याकडच्या नाण्यावर चालणाऱ्या मशिनांवर मुलांनी मनसोक्त खेळला. पण त्यात पहिला पडल्यावरच दुसरा उतरायचा, मध्येच बदल नाही. १९९६ च्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ने ते बंधन काढलं: लढता लढता जोडीदाराला आत घ्यावं, आणि बाहेर गेलेल्याने तेवढ्यात थोडी ताकद भरून काढावी. आर्क सिस्टिम वर्क्सने २०१८ च्या जानेवारीत आणलेला ‘फायटरझी’ याच वाटेवरचा. अकिरा तोरियामा यांची मूळ चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात जपानी साप्ताहिकात चालली. तिच्यातल्या गोकू, व्हेजिटा, पिकोलो अशा पात्रांतून तिघे निवडायचे, एक मैदानात आणि दोघे राखीव. बटण नुसतं दाबलं तर राखीव गडी झेप घेऊन एक फटका मारतो आणि परततो, दाबून धरलं तर तोच मैदान ताब्यात घेतो.

आता खो-खोचं मैदान आठवा. आठ गडी मधल्या पाटीत आळीपाळीने उलट दिशांना तोंडं करून बसलेले, नववा धावतोय. धावणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारा गडी पाटीतून सुळकन पलीकडे गेला की धावणाऱ्याचा उपाय एकच: ज्याचं तोंड तिकडे आहे, त्याच्या पाठीला हात लावून खो द्यायचा. म्हणजे धावणाऱ्याचं पायांतलं बळ जिथे संपतं, तिथे बसलेल्याची दिशा कामाला येते. फायटरझीतला राखीव गडी हेच काम करतो. मैदानातल्या पात्राचा फटका चुकला किंवा अडवला गेला की ते क्षणभर उघडं पडतं, आणि त्या फटीत राखीव गड्याने येऊन पुढच्याला गुंतवून ठेवायचं असतं. हाक चुकीच्या वेळी गेली तर आलेला गडीही मार खातो, आणि त्याला पुन्हा बोलावायला काही काळ थांबावं लागतं. खो-खोतही खो मिळण्याआधी उठणं हा फाउल आहे. पळतीच्या बाजूची तऱ्हाही ओळखीची वाटावी: तिथे गडी तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात, आणि कोणती तुकडी कधी, हा कर्णधाराच्या डोक्याचा भाग असतो.

हुतूतूने याहून अवघड प्रश्न सोडवला: बाद झालेल्याचं करायचं काय? जुन्या खेळात याची तीन उत्तरं होती. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये कोणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे. १९२१ साली महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनीचा मेळ घालून नियम झाले, १९२३ साली बडोद्याच्या स्पर्धेसाठी ते सुधारले, आणि आजची कबड्डी त्यातूनच घडली. जपानी गेमांची वाटचाल या आरशात स्वच्छ दिसते. ‘किंग ऑफ फायटर्स’ची तिघांची फळी सरळ गामिनी आहे. फायटरझीतही पडलेला एरवी परत येत नाही, पण एक सोय आहे. झुंजताना सात ड्रॅगन बॉल जमवून शेनरॉन नावाच्या ड्रॅगनला बोलावता येतं, आणि त्याच्याकडे मागायच्या वरांत पडलेल्या साथीदाराला उठवण्याचा वरही आहे. ही संजीवनीच. शिवाय सामन्यात एकदाच वापरता येणारा ‘स्पार्किंग’ हा जोर, साथीदार जितके कमी उरले असतील तितका जास्त वेळ टिकतो. कबड्डीत तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघाने चढाईपटू पकडला तर ‘सुपर टॅकल’चा जादा गुण मिळतो, त्यामागचा हेतू हाच: खिळखिळ्या झालेल्या संघाला उलटण्याची वाट मोकळी राहावी.

यावर कोणी म्हणेल, जपानी कारागिरांनी हुतूतू पाहिला तरी होता का? तसा माझा दावाच नाही. अनेकांची झुंज लावली की एक जण लवकर पडणार, आणि तो पडला की त्याच्या संघातला आणि बघ्यांतला रस ओसरणार, ही अडचण कुठल्याही मातीत सारखीच. उत्तरंही मोजकीच निघतात. साताऱ्या-पुण्याने ती शंभर वर्षांपूर्वी शोधून लिहून काढली, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कुस्तीला डाव आणि प्रतिडाव असतात, एकेरी पट, ढाक, धोबीपछाड, आणि गेममध्येही प्रत्येक फटक्याला तोड असते, मग नातं कुस्तीशीच नाही का? फटक्यापुरतं आहे, आणि तालमीत जशी एकच पकड शेकडो वेळा घोटतात तशी सरावाची शिस्त इथेही लागते. पण आखाड्यात पैलवानाला मध्येच बाहेर बसून दम खाता येत नाही, की वस्तादाला एका क्षणासाठी आत बोलावता येत नाही. तिघांच्या गेममध्ये हार-जीत ठरते ती बहुधा याच दोन गोष्टींवर. तिसरा आक्षेप अंगमेहनतीचा. तो मला पूर्ण मान्य आहे. अंगठ्यांनी खेळल्याने छाती भरत नाही, आणि शाळेचं खो-खोचं मैदान ओस पडावं अशी किंमत कुठल्याही गेमसाठी देऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्या संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. तेव्हा हा खेळ मोडीत निघाला, असं समजायचंही कारण नाही.

हे नातं ओळखलं तर शिकण्याचा क्रम बदलतो, आणि मला यातच सगळ्यात जास्त राम वाटतो. नवखा खेळाडू कुस्तीच्या हिशेबाने एकच लाडकं पात्र, बहुतेकदा गोकू, पकडून त्याचे लांबलचक फटके पाठ करतो. गेमही त्याला भुलवतो, कारण हलक्या फटक्याचं एकच बटण दाबत राहिलं तरी आपोआप एक साखळी निघते. समोर जाणता खेळाडू आला की तो याच्या गोकूला थकवतो, आणि गोकू दमून बाहेर गेला की एक खास फटका लावून त्याला बळेच पुन्हा मैदानात ओढतो. उरलेल्या दोघांची तयारीच नसते. खो-खोची सवय असलेली मुलगी मात्र आधी विचारेल, बसलेल्यांची तोंडं कुठे आहेत? कोणाची हाक लांबून किरण सोडते, कोणाची जवळ येऊन अडवते, कोणाला एकटं उरल्यावर लढता येतं, हे पाहून ती तिघांचा क्रम लावेल, आणि स्पार्किंगचा जोर एकट्या उरलेल्याला सर्वाधिक वेळ मिळतो म्हणून तिसऱ्या जागेवरचं पात्र सगळ्यांत आधी निवडेल.