वैतरणेच्या मुखावरील जिताडा

पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वैतरणेच्या मुखाशी उत्तर तीरावर वसले असून दक्षिणेस अर्नाळा बेट आहे. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात उगम पावणारी ही नदी येथे अरबी समुद्रास मिळते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या अशा संगमावर वावरणारा, खवय्यांप्रमाणेच गळाने मासे पकडणाऱ्यांनाही प्रिय असलेला मासा म्हणजे जिताडा.

पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, खाडीचे गढूळ पाणी हळूहळू निवळू लागते. दुपारी समुद्राकडून खारे वारे, तर रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. ओहोटीचे पाणी पश्चिमेस धावत असताना समोरून खारा वारा आला, की मुखावर आखूड व उंच लाटा उठतात. लहान होडीला त्या धोकादायक ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाचा वेग अधिक असतो, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत तो मंदावतो. म्हणूनच गळ टाकणाऱ्याला वारा आणि तिथी या दोहोंचे भान ठेवावे लागते.

जिताडा दबा धरून शिकार करतो. तिवरांच्या मुळांशी किंवा खडकांच्या आडोशाला थांबून ओहोटीबरोबर बाहेर पडणारी बोय, कोळंबी तो टिपतो. त्यामुळे गळाला जिवंत कोळंबी किंवा लहान मासा लावतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा ‘बॅरामुंडी’ म्हणून ओळखला जातो. तेथे पिसे व धागे बांधलेल्या कृत्रिम आमिषानेही तो पकडतात. हे आमिष जवळजवळ वजनरहित असल्याने ते जाड दोरीच्या भाराने फेकावे लागते. वारा समोरून असल्यास फेक आखूड पडते.

या माशाचे जीवनचक्र विलक्षण आहे. त्याची वीण नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते. पिल्ले तिवरांत व खाड्यांत वाढतात आणि त्यांतील काही गोड्या पाण्यात वर चढतात. बहुतेक जिताडे प्रथम नर असतात व काही वर्षांनी त्यांचे मादीत रूपांतर होते. साहजिकच आकाराने मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असतो. लहान मासा मारला तर तो मादी होण्यापूर्वीच संपतो, मोठा मारला तर पुढची वीण घटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर म्हणूनच किमान ५८ आणि कमाल १२० सेंटीमीटर अशी दुहेरी मर्यादा आहे.

वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठी मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे उभी राहिली. धरणांच्या भिंतींपलीकडची नदी जिताड्याला बंद झाली. त्याच्या वाट्याला आता खालचा प्रवाह, खाडी आणि तिवरेच उरतात. मुखाजवळच्या तिवरांचे रक्षण आणि मोठ्या मादीला पुन्हा पाण्यात सोडण्याचा संयम, यांवरच वैतरणेतील जिताड्याच्या पुढच्या पिढ्या अवलंबून आहेत.